शेंदराचे अकरा हात

चाक फुटलं तेव्हा त्याचा सर्वांत मोठा तुकडा धारेवाडीच्या घरांवरून उडत गेला आणि दीड किलोमीटरवर इंदू हाकेच्या मेंढरांत पडला. नऊ टन पोलाद. ते पडलं त्या जागी पुढे दोन दिवस लोकर आणि माती वेगळी करता येत नव्हती. इंदूला ओळखलं ते दंडातल्या चांदीच्या वाकीवरून. तिचा नवरा पोपट हाके ती वाकी मुठीत धरून बांधावर बसून राहिला आणि कुणाला जवळ फिरकू देईना, तेव्हा पंचनाम्याला आलेल्या पोलिसांनाही दुपारपर्यंत ताटकळावं लागलं.

दुसरा तुकडा लांब गेला नाही. तो चक्रघराची भिंत फोडून आत घुसला. आत दोन माणसं होती, मदतनीस युनूस मुलाणी आणि चाक चालवणारे सदाशिव लोहार. सदाशिवअण्णांचं जे सापडलं ते एका उपरण्यात मावलं.

त्यांची मुलगी अश्लेषा त्या वेळी अडीचशे किलोमीटरवर, पुण्यात, कंपनीच्या निरीक्षण कक्षात बसली होती. निरनिराळ्या पठारांवरच्या एकोणीस चाकांची कंपनं तिच्या पडद्यावर उमटत, आणि ती वाचणं हेच तिचं काम होतं. धारेवाडीच्या पहिल्या चाकाची रेघ थोडी फुगली, मग सरळ वर गेली, आणि मग रेघच उरली नाही. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, सेन्सर गेला वाटतं. अश्लेषाने घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं, नऊ वाजून सोळा मिनिटं. फोन त्यानंतर अकरा मिनिटांनी आला.

धारेवाडीचं पठार सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, ढग बघून घ्यावेत आणि गप्प बसावं अशा मुलखात आहे. तिथे पाणी जेमतेम, वारा मात्र उदंड. पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्यालाही आता तीस वर्षं झाली होती. अडचण एवढीच की वारा जोर धरायचा रात्री, आणि विहिरीचं पाणी पिकाला द्यायचं ते दिवसा. वीज रात्री यायची म्हणून माणसंही रात्री रानात जायची, अंधारात दारं धरून वाफ्यांना पाणी वळवायची, आणि पाण्याच्या मागोमाग पाटात साप यायचा. पोपट हाकेचा बाप असाच गेला. त्याच्या आधी दोघे गेले होते, नंतर एक बाई गेली.

रात्रीचा वारा सकाळपर्यंत धरून ठेवायचा तर तो कशात तरी साठवायला हवा. पठारावरच्या उन्हात बॅटऱ्या तीन वर्षांत मान टाकत. तेव्हा चाकाची कल्पना पुढे आली. जमिनीत खोल विहीर घ्यायची आणि तिच्यात एकशेवीस टनांचं, चार मीटर रुंदीचं पोलादी चाक उभ्या आसावर बसवायचं. चाक कसलं, आतून पोकळ असं एक अवाढव्य उखळच. विहिरीतली हवा काढून घेतली की त्याला घासायला काही राहत नाही. चुंबकांनी अधांतरी तोललं की टेकायलाही काही राहत नाही. रात्री पवनचक्क्यांची वीज मोटरीला देऊन चाकाचा वेग वाढवत न्यायचा. दिवसा तीच मोटर जनित्र बनते आणि चाक आपला वेग विजेच्या रूपाने परत करतं. धूर नाही, राख नाही, उरलंसुरलं पुरायची भानगड नाही. मिनिटाला एकोणीसशे फेरे झाले की चाकाच्या अंगात दीड टन सुरुंगाच्या दारूइतकी ताकद साठते. दारूला काडी लागते. चाक सदा पेटलेलंच असतं.

चाक आणि चुंबक यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरची. कुठलंही चाक सगळीकडून सारखं नसतं, एखाद्या अंगाला कणभर जड असतंच; म्हणून यंत्राला स्मरण दिलेलं होतं. जड बाजू कुठली ते यंत्र मोजायचं आणि प्रत्येक फेऱ्याला चुंबकांनी उलट बाजूला तेवढंच ओढायचं. चक्रघरातल्या पॅनेलवर त्यासाठी दोन बटणं होती. अण्णांच्या हट्टामुळे ती मराठीत होती, 'शीक' आणि 'विसर'. 'शीक' दाबलं की यंत्र त्या वेळचा कल पाठ करून ठेवायचं. 'विसर' दाबायची कधी कुणाला गरज पडली नव्हती.

आणखी एक गोष्ट. झोक्याला त्याच्याच लयीत ढकललं तर तो वाढत जातो, तसा प्रत्येक चाकाचा एक नाजूक वेग असतो. या चाकांचा होता चौदाशे. वर जाताना किंवा खाली येताना तिथे रेंगाळलं तर कणभर जडपणा पन्नास पट होऊन अंगावर येतो. म्हणून ही चाकं होता होईतो थांबवायची नसतात.

धारेवाडी ती दरवर्षी थांबवायची, खंडेनवमीला. अण्णांचं घर लोहाराचं. त्या दिवशी ऐरण, घण, सांडशी सगळं धुऊन पाटावर मांडायचं आणि हत्यार चालवायचं नाही, हे त्यांच्या रक्तात होतं. कंपनीने एका दिवसाची सूट दिली. पुण्याचे इंजिनियर यायचे, विहिरीच्या झाकणाला हार घातलेला बघायचे, पेढा खायचे आणि सांगलीला उतरायचे. त्यांची गाडी वळणाआड गेली की अण्णा झाकणातलं तपासणीचं दार उघडत, पालथे पडत, खांद्यापर्यंत हात आत घालत आणि चाकाच्या आतल्या भिंतीला तेलात कालवलेल्या शेंदराचा एक हात देत. चाकं बसत होती तेव्हा अश्लेषा कॉलेजच्या शेवटच्या वर्षात होती; अण्णांचा बेत ऐकून तिने विचारलं होतं की बाहेर झाकणाला लावून का भागणार नाही.

"झाकण म्हंजे त्याचं धोतर," अण्णा म्हणाले होते. "धोतराला कोण शेंदूर लावतं गं?"

शंभर ग्रॅम शेंदूर. पण पूर्ण वेगात त्या भिंतीवरच्या एका ग्रॅमचं वजन पाच किलो होतं, म्हणजे शंभर ग्रॅमचं अर्धा टन. दसऱ्याला चाक पुन्हा सुरू झालं की दरवर्षी पडद्यावर एक उंचवटा दिसायचा. निरीक्षण कक्षात त्याला 'दसऱ्याचा झोल' म्हणत आणि थांबून सुरू केलं की असं व्हायचंच, असं एकमेकांना सांगत. चाकं फिरायला लागली त्याच वर्षी अश्लेषा नोकरीला लागली, आणि पहिल्याच दसऱ्याला तिने तो पाहिला. कोन तोच, उंची तीच, दारातून आत घातलेला उजवा हात जिथवर पोचेल नेमका तिथवर. तिला कुणी सांगावं लागलं नाही. ती स्वतःशी हसली आणि यंत्राला आज्ञा पाठवली, शीक.

आई गेल्यापासून बापलेकींचं बोलणं फोनवर चार वाक्यांत आटपे. जेवलीस का, पाऊस हाय का तिकडं, बरं, ठेवतो. पण वर्षातून एकदा अडीचशे किलोमीटरवरून अण्णांचा हात पडद्यावर यायचा आणि ती यंत्राला तो पेलायला शिकवायची. अकरा वर्षं तिने हे केलं. चाकं दोन, आणि प्रत्येकाला अकरा हात.

अपघातानंतर अण्णांचं दिवसकार्य उरकून ती पुण्याला परतली आणि जुन्या नोंदी काढून बसली. कंपनी पोलादात खोट होती म्हणत होती. गाव म्हणत होतं, देवाचा कोप. अश्लेषाने पाहिलं की पहिलं चाक पंपाच्या दुरुस्तीसाठी तीन दिवस थांबलं होतं, भाद्रपदाच्या दमट हवेत, आणि पुन्हा वेग घेताना बरोबर चौदाशेवर फुटलं होतं. तिने आणखीही एक गोष्ट पाहिली. त्या दिवशी नऊ सोळाला शेजारच्या विहिरीतलं दुसरं चाकही हादरलं होतं, आणि तेव्हापासून त्याची रेघ गुळगुळीत राहिली नव्हती. ती थरथरत होती, जणू आत काहीतरी सुटायला आलं आहे.

हे तिने दोन आठवडे कुणाला सांगितलं नाही. मग बातमी आली की खंडेनवमीला गाव आपल्या हाताने दुसरं चाक थांबवणार आहे.

अष्टमीच्या दुपारी ती धारेवाडीत उतरली. वेशीत कंपनीची जीप जळून नुसता सांगाडा उरला होता. अपघाताच्या आठवड्यात दोन इंजिनियरांना गावाने विजेच्या खांबाला बांधून मारलं होतं. एकाचा डोळा गेला. पुण्याशी जोडणारी केबल आदल्याच आठवड्यात कुऱ्हाडीने तोडली होती. पोलिसांची चौकी पठाराच्या पायथ्याशी बसली होती आणि वर यायला राजी नव्हती. अश्लेषाला कुणी अडवलं नाही. ती सदाशिव लोहाराची मुलगी होती.

आत्तीने, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीने, तिला घरी न नेता आधी माळावर नेलं; दिवसकार्याच्या वेळी ती तिकडे गेली नव्हती. तो नऊ टनांचा तुकडा जिथे पडला होता तिथेच उभा होता, दोन पुरुष उंच, आतली बाजू पूर्वेला. समोर दगडाचा ओटा बांधला होता. नारळाच्या शेंड्या, हळद, विझलेल्या उदबत्त्या. आणि पोलादाच्या अंगावर तळव्याएवढ्या जागेत लालभडक शेंदूर.

"तुज्या बाचा देव झालाय, पोरी," आत्ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता, पण त्यात अभिमानही होता. "आभाळातनं पडला तवा शेंदूर अंगावरच हुता. कुणी लावला न्हवता. सगळ्या गावानं बघितलाय."

अश्लेषा जवळ गेली. शेंदराची एक कडा तुटलेली होती. करंगळीएवढी जाड. तिने नखाने मोजलं, गडद फिकट, गडद फिकट, अकरा. चाकाच्या वेगाने भिंतीवर दाबून दाबून त्याचा दगड झाला होता. त्याच्या खालच्या अंगाला एक हातभर पट्टा उघडाच होता, स्वच्छ पोलाद, जणू तिथून कुणी खपली काढली होती.

तिला लहानपणी गावच्या मारुतीचं कवच सुटलेलं आठवलं. वर्षानुवर्षं शेंदूर चढत जातो आणि एक दिवस आपोआप गळून पडतो, आतून जुनी मूर्ती निघते. गावाने ते कवच वाजत गाजत नेऊन पाण्यात सोडलं होतं. इथेही कवच सुटलं होतं. थांबलेल्या चाकात अर्धं तळाशी गळून पडलं, चाक पुन्हा फिरायला लागल्यावर समोरच्या भिंतीवर चढून चिकटलं, आणि यंत्र मात्र तिने शिकवलेला धडा म्हणत राहिलं, जुन्याच बाजूसाठी ओढत राहिलं. चौदाशेला दोन्हींची बेरीज झाली.

ओट्याच्या कडेला पोपट हाके बसला होता. इंदूची वाकी त्याने करदोट्यात ओवून गळ्यात घातली होती. तो तिला लहानपणापासून ओळखत होता, तिला खांद्यावर बसवून जत्रेत फिरवणारा माणूस. त्याने सांगितलं की पहिलं चाक भादव्यात थांबवलं, ना नारळ ना कुंकू, म्हणून फुटलं. उद्या दुसरं रीतसर थांबवायचं, सगळं गाव विहिरीच्या झाकणावर आणि भोवती बसणार, आरती होणार.

चाक उतरत असताना माणसांनी लांब थांबलेलं बरं, असं तिने सुचवून पाहिलं. पोपटने मान वर केली.

"तू कंपनीची का बाची?"

"मामा, मी दोघांचीही आहे."

"मग निम्मी गप बस," तो म्हणाला, आणि आसपासची माणसं हसली.

सकाळी ती चक्रघरात पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांनी सातलाच थांबवायचं बटण दाबलं होतं. भिंत पडली होती तिथे पत्रे ठोकले होते. पत्र्यांपलीकडे पहिल्या विहिरीचा फाटलेला खड्डा. दुसऱ्या विहिरीच्या झाकणावर आणि त्याच्या भोवती तीनशे माणसं दाटीवाटीने बसली होती, बायका, म्हातारी, कडेवरची पोरं. भिंतीशी सगळ्या गावाची हत्यारं मांडली होती, घण, पहारी, कुऱ्हाडी, टिकाव, धुतलेली, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. मधोमध अण्णांचा घण. ढोल चालू होता.

पॅनेलवर वेग होता सोळाशे दहा. या चालीने तासाभरात चाक चौदाशेला येणार आणि वीस मिनिटं तिथे रेंगाळणार होतं. तिने वहाणा काढल्या आणि अनवाणी झाकणावर उभी राहिली. अण्णांना तळव्याने कळायचं. तिलाही कळलं. एकसंध घुमण्याच्या खाली एक ठोका होता, प्रत्येक फेऱ्याला एक, आणि तो मधूनच अडखळत होता.

आदल्या दुपारी तिने माळावरच्या त्या ओट्यापासून चक्रघरापर्यंत पावलं मोजली होती. माळावरही तुकडा पोचू शकतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण तिथवर पोचला होता एक तुकडा. इथे बसलेल्यांतलं कुणी उरलं नसतं. माणसं हलवायची तर शास्त्र सांगून हलणार नव्हती; त्यांना जायला जागा हवी होती आणि जायला कारण हवं होतं. तिच्याकडे एकच कारण होतं.

तिने ढोल थांबवायला लावला.

"चाक कंपनीनं फोडलं नाही आणि देवानंही नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "चाक अण्णांनी फोडलं. दरवर्षी ते आत हात घालून शेंदूर लावायचे, दोन्ही चाकांना. तो साठला, सुटला, आणि चाकाचा तोल गेला. इंदूमामी त्यानं गेल्या. युनूसभाई त्यानं गेले. मला हे अकरा वर्षं माहीत होतं. पडद्यावर दिसायचं. मी बोलले नाही, वर यंत्राला ते सांभाळायला शिकवलं. या चाकातही तेच आहे, आणि ते आत्ता सुटतंय."

कुणी हललं नाही. एक पोर रडायला लागलं, त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं.

"खोटं वाटत असेल तर माळावर जा," अश्लेषा म्हणाली. "ज्याला तुम्ही नारळ फोडता तो देव नाही. चाकाची आतली बाजू आहे. शेंदराची कड बघा, मोजा. अकरा हात भरतील. ज्यानं तुमची माणसं मारली त्याच्यासमोर तुम्ही महिनाभर उदबत्त्या लावताय."

आत्ती उठली, चालत आली आणि तिने भाचीच्या तोंडात मारली. बापाला खाल्लंस, म्हणाली, आता देवालाही खा. अश्लेषा जागची हलली नाही. मग माणसं बाजूला झाली आणि पोपट हाके पुढे आला. येताना त्याने भिंतीशी वाकून अण्णांचा घण उचलला होता. खंडेनवमीला हत्यार उचलू नये याची त्याला कुणी आठवण करून दिली नाही. त्याने घण उलटा धरला आणि दांडा तिच्या उजव्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

तो आवाज झाला आणि गर्दीतलं काहीतरी सुटलं. कुणी पहार उचलली, कुणी कुऱ्हाड. आधी चार, मग चाळीस, मग सगळेच. कुंकवाची बोटं ओढलेली हत्यारं हातोहात गेली. लोक दाराने निघाले, दार पुरेना तेव्हा पत्रे उचकटून निघाले, माळाच्या दिशेने, आरडत, युनूसचं नाव घेत, इंदूचं घेत, आणि सदाशिव लोहाराच्या नावाने अशा शिव्या देत की ज्या त्याच्या जिवंतपणी त्या गावात कुणी ऐकल्या नसतील. आत्ती त्यांच्या पुढे धावली, हात पसरून, आणि वेशीपाशी ढकलली गेली. बायका पोरांना घेऊन मागोमाग गेल्या. चक्रघर पाच मिनिटांत रिकामं झालं.

अश्लेषा झाकणावर गुडघ्यांवर बसली होती. पोपट तिथेच उभा होता.

"मामा, तुम्हीही जा."

"तिकडं माझं काय उरलंय?"

तिने पॅनेलकडे पाहिलं. पंधराशे साठ. एकटीला जमणार नव्हतं. भिंतीवर आणीबाणीचा दांडा होता. तो ओढला की चाकाची सगळी वीज बाहेरच्या रोधकांत जाते, तारांच्या मोठ्या पिंजऱ्यांत, आणि उष्णता होऊन हवेत उडून जाते. त्याने वीस मिनिटांचा धोका दीड मिनिटावर आला असता. पण दांडा धरूनच ठेवावा लागतो, आणि पॅनेल तिथून चार पावलांवर होतं. उजवा हात तिच्या मांडीवर परक्यासारखा पडला होता.

"हा दांडा मी सांगेन तेव्हा ओढायचा," ती म्हणाली, "आणि काही झालं तरी सोडायचा नाही. काहीही."

पोपटने घण खाली ठेवला, दांडा दोन्ही हातांत धरला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "सांग."

पंधराशे दहाला तिने सांगितलं. बाहेर रोधकांच्या तारा लाल झाल्या, मग पांढुरक्या, आणि हवा जळल्याचा वास आला. चाक खाली झेपावलं. पायाखालचं घुमणं जाड झालं, दातांत शिरलं. चौदाशे नव्वद. चौदाशे सत्तर. ठोका अजून एकच होता, जागच्या जागी, फेऱ्याला एक. अण्णांचा हात. तोवर यंत्राला तो आठवत राहायला हवा होता, आणि सुटला की त्याच क्षणी विसरायला. आधी नाही, नंतर नाही. आकड्यांवरून हे कळणार नव्हतं. तिने डोळे मिटले आणि तळव्यांनी ऐकलं.

चौदाशे चाळीसच्या आसपास ठोका फाटला. एकाचे दोन झाले.

तिने डाव्या हाताने 'विसर' दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. अकरा वर्षांचं शिकलेलं पुसलं जाईल. नक्की?

ही अक्षरंही अण्णांनीच मराठीत करून घेतली असणार. तिने पुन्हा दाबलं.

मग चाक खरोखर पिसाळलं. झाकणाच्या कडेचे बोल्ट एकामागून एक तुटले आणि गोळ्यांसारखे छपरातून गेले. पत्रे कोसळले. पोलादाला पोलाद घासल्याची किंकाळी खालून उठली, इतकी मोठी की तिला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही, पण ती धरा, धरा म्हणत होती. एक बोल्ट पोपटचा कान घेऊन गेला. त्याची मान रक्ताने भिजली, गळ्यातली वाकी लाल झाली. त्याने दांडा सोडला नाही. तेराशे ऐंशी. तेराशे पन्नास. किंकाळीची घरघर झाली. तेराशे. घरघरीचं नुसतं घुमणं झालं, मोकळं, सरळ. त्यात आता कुठलाच ठोका नव्हता.

ती ऐकत राहिली. तो ठोका नसलेलं चाक तिने अकरा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

चाक पुरतं थांबायला आणखी अर्धा तास लागला. तेवढ्यात पोपटने पटक्याची एक पट्टी स्वतःच्या कानाला बांधली आणि दुसऱ्या पट्टीने तिचा हात छपरातून पडलेल्या एका फळीला बांधला. तिने विहिरीत हवा सोडली, तपासणीचं दार उघडलं. पोपट आत उतरला आणि तळाशी पडलेला कवचाचा तुकडा घेऊन वर आला. बाकदार, कौलासारखा, एका बाजूने पोलादाच्या भिंतीचा गुळगुळीत ठसा. त्याने खांद्यावरचं उपरणं काढून झाकणावर पसरलं आणि तुकडा त्यात ठेवला. उपरण्यात तो सहज मावला.

माळावरून आवाज येत होते. लोखंडावर लोखंड, एकामागून एक, शंभर हातांनी.

"त्ये फुटायचं न्हाई," पोपट म्हणाला.

"नाही फुटणार."

उद्या दसऱ्याला वारा येणार होता, आणि खालच्या रानात पाणी द्यायचं तर रात्री माणसं उतरू नयेत, एवढं चाकाने बघायला हवं होतं. बोल्टांची दुरुस्ती पुढची गोष्ट; आधी ते आतून स्वच्छ हवं होतं. तिने दारातून बॅटरीचा झोत टाकला. भिंतीवर उरलेला शेंदूर अजून घट्ट होता. तिने पोपटला छिन्नी मागितली.

"आज खंडेनवमी हाय," तो म्हणाला. मग त्याची नजर कडेला पडलेल्या घणाकडे गेली, तिच्या बांधलेल्या हाताकडे गेली. आरतीसाठी फोडलेल्या नारळांच्या करवंट्या झाकणावर विखुरल्या होत्या. त्यातली एक त्याने उचलली, धार बोटाने पाहिली आणि पुन्हा आत उतरला.

तो खरवडत होता आणि ती डाव्या हाताने उजेड धरून होती. शेंदराचा चुरा खाली पडत होता. हळूहळू पोलाद उघडं होत गेलं. शेवटी दाराच्या बाजूला तळव्याएवढा भाग राहिला, सर्वांत वरचा, गेल्या वर्षीचा हात. त्यात चार बोटं ओढलेली स्पष्ट दिसत होती. करंगळीचं बोट अर्धवट होतं, भात्याच्या कामात लहानपणीच तुटलेलं.

पोपटचा हात थांबला. त्याने वर पाहिलं.

माळावर अजून घाव पडत होते. अश्लेषाने उजेड हलू दिला नाही.

"तेवढं पण काढा, मामा," ती म्हणाली.